चुकून गहू पोटात गेला तर

इंदूर,
श्रावण अखेर

चि. ईशान,
अनेक आशीर्वाद.

यंदापासून तू शिकवणीला सायकलवर एकटा जाणार. गणपतीत तालमीला रात्री उशिरापर्यंत थांबणार. तुझ्या ताटात काय पडतं हे बघायला दर वेळी मी किंवा बाबा जवळ नसू. काय खायचं आणि काय नाही हे तुला पाठ आहे, ते इथे पुन्हा लिहीत नाही. हे पत्र आहे पथ्य चुकून मोडेल त्या दिवसासाठी.

तो दिवस येणार, हे आधीच धरून चाल. तुझ्यासारखाच सिलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेननं आतडं दुखावण्याचा आजार, असलेली, डोळ्यांत तेल घालून जेवणारी मोठी माणसंही अधूनमधून फसतात. म्हणून नियम एकच कडक ठेवते आहे: जे झालं ते त्याच दिवशी घरी सांगायचं. कुणी रागावणार नाही, आजीसुद्धा नाही. मी तिच्याशी बोलले आहे. चुकून खाल्लेल्या घासानं होतं त्याहून जास्त नुकसान लपवलेल्या घासानं होतं, कारण तो कुठून आला हे शोधता येत नाही आणि मग तो पुन्हा पुन्हा येत राहतो.

आधी माप समजून घे. किती गेलं हे कळलं की किती काळजी करायची तेही कळतं. ग्लुटेन म्हणजे गव्हातलं प्रथिन. गव्हाच्या पिठात साधारण दहावा हिस्सा ते असतं. एका फुलक्याला 25 ग्रॅम कणीक धरली तर त्यात अडीच ग्रॅम, म्हणजे 2500 मिलिग्रॅम ग्लुटेन झालं. रोज 10 मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन गेलं तर बहुतेक रुग्णांच्या आतड्याला धक्का लागत नाही. रोज 50 मिलिग्रॅम तीन महिने दिलं तेव्हा मात्र आतड्यात बिघाड दिसला. हे 50 चं 2007 साली छापलेल्या एका अभ्यासातून कळलं. 10 मिलिग्रॅम ग्लुटेन म्हणजे 0.1 ग्रॅम कणीक, बोटाच्या टोकाला चिकटते तेवढी. ‘ग्लुटेन फ्री’ लिहिलेल्या पाकिटात एका किलोमागे 20 मिलिग्रॅमपर्यंतच ग्लुटेन चालतं, म्हणजे 100 ग्रॅम बिस्किटांत फार तर 2. म्हणून ते पाकीट निर्धास्त खा.

आता चुका मोजू. सत्यनारायणाच्या प्रसादाचा एक चमचा शिरा घेतलास तर त्यात पाच-सहा ग्रॅम रवा असतो, म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन. ही मोठी चूक. समोशाचं अख्खं आवरण खाल्लंस तर 2000 च्या पुढे. आणि शेजारच्या काकूंकडे हिंगाची फोडणी घातलेलं वरण खाल्लंस तर? आपल्याकडे मिळणारा बहुतेक हिंग शुद्ध नसतो, त्यात मैदा किंवा तांदळाचं पीठ आणि डिंक मिसळलेला असतो. चौघांच्या वरणाला पाव ग्रॅम हिंग आणि त्यातलं अर्धं मैदा धरलं, तर तुझ्या वाट्याला तीनेक मिलिग्रॅम येतं. एका दिवसासाठी ते किरकोळ आहे. तेच रोज दोन वेळा आणि वर हिंगाची चटणी, जिरावन (पोह्यांवर भुरभुरतात तो इंदुरी मसाला), शेव असं झालं की बेरीज 10 च्या पलीकडे जाते. घरात हिंग बदलला तो त्यासाठी. एखाद्या दिवशी काकूंचं वरण खाल्लंस म्हणून रात्रभर जागू नकोस.

खाताना लक्षात आलं तर तोंडातला घास थुंकून टाक आणि दोन वेळा चूळ भर. गिळलेला घास बाहेर काढायला घशात बोट घालायचं नाही. त्यानं घसा सोलवटतो, शरीरातलं पाणी जातं आणि ग्लुटेन पूर्ण निघतही नाही. यावर उतारा असलेलं औषध आज नाही. ‘ग्लुटेन पचवणाऱ्या’ गोळ्या मिळतात, पण त्यांच्या जोरावर समोसा खाता येत नाही. उपाशी राहूनही काही धुऊन निघत नाही. आणि ही अ‍ॅलर्जी नव्हे, श्वास कोंडून जीव जाईल असं काही होत नाही. ज्यांना खरी गव्हाची अ‍ॅलर्जी असते त्यांचं प्रकरण वेगळं. तुझ्या बाबतीत धोका सावकाश चालतो.

मोठ्या चुकीनंतर काही मुलांना एक-दोन तासांत उलटी होते. पोट फुगतं, कळा येतात, जुलाब त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लागतात. डोकं जड होणं, चिडचिड, गळून गेल्यासारखं वाटणं दोन-चार दिवस राहू शकतं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांब, मग एकेक चमचा जलसंजीवनी मिनिटा-दोन मिनिटांनी घेत राहा. गटागटा प्यायलास तर परत उलटेल. एक लिटरचं पाकीट असेल तर ते पूर्ण लिटरभर पाण्यातच घालायचं. अर्धं पाकीट अंदाजानं ग्लासात टाकू नकोस, प्रमाण चुकलं की उपयोग जातो. कालवलेलं पाणी 24 तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. आजारपणात कुणी मायेनं जवाचं पाणी पुढे करील. ते घ्यायचं नाही, जवातही तेच असतं. सातूचं पीठही नको, आपल्याकडे त्यात गहू भाजून घालतात.

पुढचे दोन दिवस तांदळाची पेज, मऊ भात, मुगाची खिचडी, केळं, उकडलेला बटाटा, साबुदाणा. पोट फुगलेलं असेल तर दूध थोडं कमी कर, दही-ताक चालेल. आतड्याचं अस्तर दुखावलं की दुधातली साखर पचवणारा रस काही दिवस कमी पडतो, म्हणून दुधानं जास्त गडबड होते.

पण प्रत्येक पोटदुखी गव्हावर ढकलू नकोस. ताप असेल किंवा तेच खाल्लेल्या बाकीच्या मुलांनाही उलट्या होत असतील, तर दोष बहुधा अन्नाचा किंवा पाण्याचा असतो. पोट बेंबीजवळ दुखायला लागून दुखणं उजवीकडे खाली सरकलं आणि चालताना वाढलं, तर ते अपेंडिक्सचं असू शकतं. तेव्हा ‘काहीतरी खाल्लं असेल’ म्हणत बसायचं नाही. शौचात रक्त, सहा-आठ तास लघवी नाही, घोटभर पाणीही पोटात राहत नाही, गुंगी येते, यातलं एकही दिसलं तर त्याच वेळी डॉक्टर.

याच्या उलटही नीट समज. खाल्लं आणि काहीच झालं नाही, असंही होतं. त्याचा अर्थ ‘मला आता चालतं’ असा होत नाही. लहान आतड्याच्या आत टर्किश टॉवेलसारखी बारीक मऊ लव असते, तीच अन्न शोषून घेते. ग्लुटेनचे काही तुकडे पचत नाहीत. ते पाहून तुझं शरीर स्वतःच्याच अस्तरावर चालून जातं आणि ती लव झिजते. पोट दुखलं का नाही, यावर ही झीज कळत नाही. लव झिजली की लोह, कॅल्शियम आत शिरत नाही आणि उंची अडते. तुझी ही वाढायची वर्षं आहेत, मला काळजी आहे ती त्याची.

टीटीजी नावाची रक्ततपासणी आपण वेळोवेळी करतो ती हेच बघायला. एका चुकीनं तो आकडा सहसा वर जात नाही, म्हणून एखाद्या वेळच्या समोशाची धास्ती घेऊन तपासणीला जाऊ नकोस. आकडा खाली येत नसेल किंवा खाली येऊन परत चढला असेल, तर काहीतरी वारंवार पोटात जातं आहे असं समजायचं. ते शोधायला वही लागते. तुझ्या शिकवणीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिही: तारीख, काय खाल्लं, किती, कुठे, किती तासांनी त्रास झाला, किती दिवस राहिला. त्रास झाला नसेल तरी लिही. डॉक्टरांना तुझ्या आठवणीपेक्षा हे पान जास्त उपयोगी पडेल.

इंदुरात घोटाळा कुठे होतो तेही सांगते, कारण इथे चुका बहुतेक ‘याच्यात गहू नाही’ म्हणूनच होतात. पोहे तांदळाचे, खरं आहे. पण त्यांच्यावर शेव पडते, जिरावन पडतं, आणि जिलबी तोलणाऱ्या हातानंच पोहे वाढले जातात. गराडू म्हणजे कंद, तोही निर्दोष, पण कढईतल्या तेलात आधी कचोऱ्या तळलेल्या असतात. तेल कितीही उकळलं तरी ग्लुटेन मरत नाही. ते जंतू नाही, उष्णतेनं नाहीसं होत नाही. म्हणून ‘गरम तेल आहे, काही होत नाही’ असं सराफा किंवा छप्पन दुकान या आपल्या खाऊगल्ल्यांत कुणी म्हणालं तरी ऐकायचं नाही. भुट्ट्याच्या किसाला हिंगाची फोडणी असते. पताशे, म्हणजे पाणीपुरीच्या पुऱ्या, तर रव्या-कणकेचेच. पण ‘नुसतं पाणी पितो’ हेही नको, त्यात हिंग असतो आणि पताशा धरलेला हात सतत बुडत असतो. समोसा फोडून नुसती भाजी खाणं, केकचं वरचं क्रीम खाणं, यानं काही वाचत नाही. भाजी मैद्याला चिकटूनच तळलेली असते. आइस्क्रीम कपातच घे आणि कोनाला न लागलेला, धुतलेला चमचा माग. चॉकलेटी दुधाच्या पावडरी आणि कॉर्नफ्लेक्स यांत माल्ट असतो, तो बहुधा जवाचा. पाकिटावर गहू किंवा ग्लुटेन असल्याची सूचना छापावी लागते, घटकांच्या यादीखाली बघ.

घरच्या चुका वेगळ्या. मेतकुटात थोडे गहू असतात, थालीपिठाच्या भाजणीत बहुधा असतात, कुरडया गव्हाच्याच. ज्वारी गिरणीतून दळून आणली तर आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू जात्यात उरलेला असतो. म्हणून तुझं पीठ घरच्या घरघंटीतच दळलं जातं आणि त्या घरघंटीत गहू कधीच पडत नाही. पोळपाट-लाटणं आणि चाळणी वेगळी आहे ती लाकडाच्या भेगांत आणि जाळीत पीठ अडकतं म्हणून. स्टीलचं भांडं साबणानं नीट धुतलं की पुरतं. हात मात्र पाण्यानंच धू, सॅनिटायझरनं पीठ निघत नाही.

सगळ्यात बिनघोर आधार उपासाच्या घरांचा. साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा, आणि उपासाच्या फराळात आपल्याकडे हिंग घालत नाहीत. तालमीच्या ठिकाणी कुणाच्या घरी उपासाचं केलेलं असेल तर विचारून खुशाल खा. शिंगाड्याचं पीठ सुटं आणलेलं असेल तर त्यात दुसरं पीठ मिसळलेलं असू शकतं, तेवढं टाळ. उकडीचे मोदक चालतील. पारी वळताना कोरडं पीठ कोणतं लावलं ते विचार.

खाऊन झाल्यावर ‘आज तर मोडलंच, मग कचोरीही घेऊ, उद्यापासून पाळू’ हा विचार मनात येईल. तो सगळ्यांनाच येतो. पण 500 मिलिग्रॅम आणि 3000 मिलिग्रॅम यांत फरक आहेच. पुढचा घास पथ्याचाच असू दे.

ज्यानं दिलं त्याच्यावर चिडू नकोस, पण त्याला सांग जरूर. न सांगितलं तर काकू पुढच्या शनिवारीही तेच करतील. ‘काकू, मला गव्हाचा कणही चालत नाही, आतडं दुखावतं. खिरापत द्या, ती चालते,’ एवढं पुरे. प्रसाद नाही घेतला तर देव रागावत नाही. हात जोड आणि तुझ्या वाट्याचा दुसऱ्या मुलाला दे. कुणी म्हणेल ही नवी फॅडं आहेत, तर सांग की विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञानं 1950 सालीच आपल्या प्रबंधात दाखवलं आहे, की गहू काढला की अशी मुलं सुधारतात आणि परत दिला की पुन्हा आजारी पडतात. वाद मात्र घालू नकोस, तालीम महत्त्वाची.

तुझ्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात जलसंजीवनीची दोन लहान पाकिटं, राजगिऱ्याची वडी आणि शेंगदाणे ठेवले आहेत. ही पाकिटं 200 मिलिलिटरची आहेत, एक पाकीट तुझ्या लहान बाटलीत बरोबर बसतं. माझा फोन लागला नाही तर बाबांना कर, त्यांचा नाही लागला तर रामबागेतल्या आत्याला. तिच्याकडे ज्वारीचं पीठ आणि वेगळा तवा आहे, आणि हे सगळं तिला माहीत आहे.

तुझी,
आई