कुंपणाबाहेरचे प्रशिक्षक आणि एकेरीचं गणित

मा. संपादक,
स. न.

आपल्या क्रीडा पानावर कनिष्ठ गटाच्या टेनिस स्पर्धांच्या बातम्या येतात, त्याबद्दल आधी आभार. क्रिकेटच्या रेट्यात चार बोटं जागा मिळते हेच खूप. पण त्या चार बोटांत दर वेळी तेच शब्द असतात: ‘बिनतोड सर्व्हिसचा धडाका’, ‘तुफानी फोरहँड’, ‘आक्रमक खेळापुढे निष्प्रभ’. गणित शिकवून मी निवृत्त झाले. टेनिस आमच्या घरात यजमानांमुळे आलं, आणि हल्ली स्पर्धांना माणसं कमी पडतात म्हणून मी मदतीला जाते. कधी पंच म्हणून, कधी नुसतीच गुण मांडायला. तिथून जे दिसतं ते बातमीत येत नाही, म्हणून हे पत्र. बारा-चौदा वर्षांच्या मुलांचे सामने धडाक्याने जिंकले जात नाहीत. एकाने नेटमध्ये आणि बाहेर घालवलेले चेंडू दुसऱ्याच्या नावावर जमा होतात आणि संध्याकाळी त्याला ट्रॉफी मिळते.

हे मुलांना कळत नाही असं नाही, पण कळू दिलं जात नाही. कुंपणाला लागून पालक उभे असतात, एका हातात मोबाइल, दुसऱ्यात पाण्याची बाटली. नियमाप्रमाणे त्यांनी बोलायचं नसतं, तरी जाळीतून आवाज येतोच, “अरे मार ना!” मुलगा बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या शेवटच्या रेषेच्या, मागे दोन पावलं, तोल गेलेला, चेंडू खांद्यावर आलेला, आणि बाबा म्हणतात मार. तो मारतो. चेंडू मागच्या पडद्यावर. बाबा कपाळाला हात लावतात आणि पुढच्या गुणाला पुन्हा तेच.

मध्यंतरी चौदा वर्षांखालच्या मुलींचा एक सामना होता. एकीचे फटके बघत राहावे असे. दुसरी शांतपणे प्रत्येक चेंडू उंच, खोल, बेसलाइनच्या जवळ आणि जमेल तेव्हा पहिलीच्या बॅकहँडला, म्हणजे रॅकेटच्या हाताच्या उलट बाजूला, टाकत होती. पहिलीला बॅकहँड कानाच्या उंचीवर खेळावा लागायचा, म्हणजे ताकद शून्य. तिसऱ्या-चौथ्या चेंडूला ती वैतागून जोर लावायची आणि बाहेर. हरल्यावर तिची आई मला म्हणाली, “मॅडम, ती खेळतच नव्हती हो, नुसती परतवत होती.” मुलगीही रडवेल्या आवाजात म्हणाली, “विनर्स माझेच जास्त होते.” खरं होतं. माझ्या वहीत विनर, म्हणजे समोरच्याला परतवताच न आलेले फटके, तिचेच जास्त होते. चुकाही तिच्याच जास्त होत्या, जवळजवळ तिप्पट.

रॉजर फेडररने २०२४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात स्वतःचा हिशेब सांगितला होता: १,५२६ एकेरी सामने, त्यातले जवळपास ८० टक्के जिंकले, पण गुण मात्र फक्त ५४ टक्के. म्हणजे त्याच्यासारख्या खेळाडूलाही शंभरातले शेहेचाळीस गुण गमवावे लागले. मग प्रत्येक गुण झळाळून जिंकायचा अट्टहास आमच्या पोरांनी का करायचा? शंभरातले चार-पाच गुण इकडचे तिकडे झाले की सामना फिरतो, आणि ते चार-पाच गुण फुकट न घालवणं हे एकेरीत पहिलं काम आहे.

आता कोर्टाकडे या. एकेरीचं कोर्ट ७८ फूट लांब आणि २७ फूट रुंद. नेट मधोमध ३ फूट आणि दोन्ही टोकांना साडेतीन. सरळ रेषेत, म्हणजे डाउन द लाइन मारायचं तर चेंडूला उंच बाजूवरून जावं लागतं आणि जागा मिळते ७८ फूट. कोपऱ्यातून समोरच्या तिरक्या कोपऱ्यात, क्रॉसकोर्ट मारलं तर नेट सहा इंचांनी खाली, आणि कर्ण काढा, साडेब्याऐंशी फूट भरतो. कर्ण भुजेपेक्षा मोठा असतो हे आठवीच्या मुलाला माहीत असतं. तोच मुलगा संध्याकाळी कोर्टवर दर दुसरा चेंडू रेषेवरून काढायला जातो.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती कोनाची. तिरका येणारा चेंडू आला त्याच वाटेने परत पाठवणं सोपं असतं. त्याची दिशा बदलून सरळ मारायला गेलात तर तो येतानाची आडवी गती थोडी सोबत घेऊन जातो आणि बाहेरच्या बाजूला सरकतो. मुलं म्हणतात, “मॅडम, फटका तर बरोबर बसला होता, थोडक्यात बाहेर गेला.” ते थोडक्यातच जाणार. म्हणून साधा नियम: क्रॉसकोर्ट आलेला चेंडू क्रॉसकोर्टच पाठवत राहा. तो आखूड पडला, संथ आला आणि तुमचे पाय नीट जमिनीवर असले, तरच दिशा बदला.

उभं कुठे राहायचं, यावर प्रशिक्षकही गडबडतात. फटका मारून झाला की ‘मध्यावर ये’ असं सरसकट सांगतात. मधली खूण ही कोर्टाची मध्यरेषा, प्रतिस्पर्ध्याच्या कोनाची नव्हे. तो जिथून मारणार तिथून त्याला कोर्टाच्या ज्या दोन टोकांपर्यंत चेंडू टाकता येईल, त्या कोनाचा दुभाजक काढा आणि त्यावर उभे राहा. उजव्या कोपऱ्यातून क्रॉसकोर्ट मारलं असेल तर ही जागा मधल्या खुणेच्या किंचित उजवीकडे येते, म्हणजे धावायचं कमी. त्याच कोपऱ्यातून सरळ मारलं तर दुभाजक खुणेच्या डावीकडे जातो, म्हणजे मध्य ओलांडून पळावं लागतं, तेही त्याचा चेंडू सुटायच्या आत. सोलापूरच्या एप्रिलमध्ये अकरा वाजता दुसऱ्या सेटला हा फरक पोटऱ्यांना कळतो.

खोली आणि उंची यांचं नातं तर कुणी सांगतच नाही. नेटपासून सर्व्हिस लाइन २१ फुटांवर आणि तिथून बेसलाइन आणखी १८ फुटांवर. चेंडू या अठरा फुटांत, शक्यतो त्यातल्या मागच्या अर्ध्या भागात पडला पाहिजे, म्हणजे समोरचा मागे रेटला जातो आणि त्याला कोन मिळत नाही. तिथे पोचायचं तर चेंडू नेटच्या वरून चांगला तीन-चार फूट उंच गेला पाहिजे. आमची मुलं टीव्हीवर बघून नेटला घासून जाणारे फटके मारतात. ते एक तर नेटमध्ये अडकतात, नाहीतर सर्व्हिस लाइनच्या आतच पडून समोरच्याला आयतं ताट वाढतात. नेटमध्ये गेलेला चेंडू तर सगळ्यांत वाईट: तिथे गुण संपला. उंच गेलेला आत पडू शकतो, वारा त्याला आत आणू शकतो, समोरचा चुकू शकतो.

सर्व्हिसबद्दल थोडंच. समजा मुलगा दोन्ही सर्व्हिस पूर्ण ताकदीने मारतो आणि दोनातली एक आत पडते. मग डबल फॉल्टची, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकून गुण जाण्याची, शक्यता अर्ध्याचं अर्धं, म्हणजे चार गुणांत एक. जवळजवळ दर गेमला एक गुण त्याने दान केला. दुसरी सर्व्हिस फिरकी देऊन, दहातल्या नऊ वेळा आत पडेल अशी टाकली तर तोच डबल फॉल्ट वीस गुणांत एकदा. “मग समोरचा त्या हळू सर्व्हिसवर मारेल ना?” हा प्रश्न ठरलेला. मारू दे की! त्याला मारावं तरी लागेल. बॅकहँडला उडणाऱ्या फिरकीवर विनर काढणारी मुलं या वयात फार नसतात. आणि परतीच्या फटक्यालाही हाच न्याय: पहिली सर्व्हिस जोरात आली तर नुसती रॅकेट धरून चेंडू मधोमध, खोल ढकला. रेषा शोधायची ती वेळ नव्हे.

हा सगळा रडीचा डाव आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी ५ जुलै १९७५चा विम्बल्डनचा अंतिम सामना आठवावा. जिमी कॉनर्स गतविजेता, अंतिम फेरीपर्यंत एकही सेट न गमावलेला. समोर आर्थर अ‍ॅश, बत्तिसाव्या वाढदिवसाला पाच दिवस बाकी. कॉनर्सला जोरात आलेला चेंडू आवडायचा, समोरच्याचीच ताकद तो वापरायचा. अ‍ॅशकडे मोठी सर्व्हिस होती, मोठे फटके होते. त्याने ते आवरून ठेवले. मऊ, खाली राहणारे स्लाइस (चेंडू खालून कापल्यासारखे मारलेले फटके) कॉनर्सच्या फोरहँडला टाकले, सर्व्हिस वळवून त्याच्या बॅकहँडच्या बाहेर काढली, तो नेटवर आला की डोक्यावरून लॉब. पहिले दोन सेट ६-१, ६-१. तिसरा कॉनर्सने ७-५ घेतला तरी अ‍ॅशने बेत सोडला नाही आणि चौथा ६-४ जिंकला. ज्या फटक्यांनी त्याचं नाव झालं होतं ते बाजूला ठेवण्याची हिंमत मला त्या विजेतेपदाहून मोठी वाटते.

आपल्याकडचं बघायचं तर रमेश कृष्णन. त्याच्या सर्व्हिसची कुणी कधी धास्ती घेतली नाही. १९८९च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेत दुसऱ्या फेरीत त्याने मॅट्स विलँडरला हरवलं, तेव्हा विलँडर जगात पहिला होता आणि तिथला गतविजेताही. आणि पुण्याचं बालेवाडी तर कालपरवाचं. जानेवारी २०१८, महाराष्ट्र ओपनचं पुण्यातलं पहिलं वर्ष. अंतिम फेरीत एकीकडे केव्हिन अँडरसन, सहा फूट आठ इंच, चारच महिन्यांपूर्वी अमेरिकन ओपनची अंतिम फेरी खेळून आलेला. दुसरीकडे ३३ वर्षांचा जिल सिमाँ, साधी अंगकाठी. मी नातवाला घेऊन स्टँडमध्ये होते. आमच्या पुढच्या रांगेतले गृहस्थ पहिल्या गेमपासून म्हणत होते की हा फ्रेंच माणूस काही करत नाहीये. तो चेंडू खोल टाकत होता, अँडरसनला वाकायला लावत होता, पळायला लावत होता. पहिला सेट टायब्रेकमध्ये, दुसरा ६-२. त्या गृहस्थांनी शेवटी टाळ्या वाजवल्या, पण जरा उपकार केल्यासारख्या.

म्हणजे जन्मभर परतवतच राहायचं का? अजिबात नाही. खोल चेंडू टाकत राहायचं ते आखूड चेंडू मिळावा म्हणून. तो सर्व्हिस लाइनच्या आसपास पडला की मग दया नाही. पुढे जा, बहुतेक वेळा सरळ रेषेत खोल मारा आणि त्याच्यामागून नेटवर जा. इथे सरळ का? कारण नेटवर पोचल्यावर झाकायची जागा जवळ येते. तिरका मारून पुढे गेलात तर समोरच्याला रेषेवरून काढायला अख्खं दार उघडं. मागे क्रॉसकोर्ट, पुढे येताना सरळ, एवढं जरी मुलांच्या अंगवळणी पडलं तरी अर्धी अकादमी सुधारेल.

ड्रॉप शॉटचंही, म्हणजे नेटच्या जेमतेम पलीकडे हळूच टाकलेल्या चेंडूचंही, तसंच. स्पेनचा कार्लोस अल्काराझ मारतो म्हणून आता दहा वर्षांची पोरंही मारतात, तेही बेसलाइनच्या मागून! तिथून नेट ३९ फुटांहून लांब, चेंडू हवेत तरंगतोय, तोवर समोरचा चालत येतो. अल्काराझ आधी दोन-तीन जबर खोल फटक्यांनी समोरच्याला मागे रेटतो, तो आणखी एका तडाख्याच्या तयारीत असतो, आणि मग हा रॅकेट मऊ करतो. टीव्हीवर शेवटचा फटका पुन्हापुन्हा दाखवतात, आधीचे तीन दाखवत नाहीत.

आता मागणी. आपल्या वार्ताहरांनी पूर्ण विश्लेषण करावं अशी माझी अपेक्षा नाही. एका माणसाला सहा कोर्टांवर धावाधाव करावी लागते हे मला ठाऊक आहे. पण अंतिम सामन्याच्या निकालाखाली एक ओळ जास्तीची छापता येईल: दोघांचे डबल फॉल्ट किती, आणि टाळता येण्यासारख्या चुका किती. ते आकडे आयोजकांकडून मिळू शकतात, मी स्वतः द्यायला तयार आहे. पालकांसाठी तर त्याहून सोपं काम आहे. चौकटीची वही घ्या, तीन रकाने पाडा: नेट, बाहेर, विनर. आपल्या मुलाचा प्रत्येक गुण कुठे संपला तिथे रेघ ओढा. हातात पेन्सिल असली की मोबाइल खिशात जातो आणि तोंडही जरा बंद राहतं, हा माझा अनुभव आहे. अशा तक्त्याचा एक नमुना पत्रासोबत जोडला आहे. जागा असेल तर छापावा. नसेल तर पुढच्या स्पर्धेला मी झेरॉक्स काढून कुंपणाशी वाटणार आहेच.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका,
सोलापूर