झुरिकच्या ताईंना, किर्शनरच्या निमित्ताने

ताई, सप्रेम नमस्कार.

जर्मन चित्रकार आणि मुद्राचित्रकार किर्शनरवरचा माझा प्रबंध परवा विद्यापीठात जमा झाला. ऋणनिर्देशात तुमच्या वाट्याला जेमतेम एक ओळ आली, म्हणून हे पत्र. मैत्रिणीची मावसबहीण एवढ्याच ओळखीवर तुम्ही माझ्यासाठी सुट्टीच्या दिवशी जर्मन लेख वाचत बसलात, फोनवर मराठीत सांगत राहिलात.

अर्न्स्ट लुडविग किर्शनर म्हटलं की ड्रेस्डेनमधला 1905 चा 'ब्रुके' हा चित्रकारांचा गट, बर्लिनचे रस्ते, युद्धाने खचलेलं मन आणि 1938 ची आत्महत्या, यातच बरंचसं लेखन संपतं. 1917 पासूनची स्वित्झर्लंडच्या डोंगरातल्या डावोसची वर्षं म्हणजे जणू लांबलेलं आजारपण. तुम्ही मात्र पहिल्याच फोनवर विचारलंत, "अगं, पण डोंगरावर तो छापायचा कसा?" प्रबंध खरा सुरू झाला तो तिथून.

'हिवाळी चांदरात' या 1919 च्या रंगीत काष्ठमुद्रेच्या (कोरलेल्या लाकडी ठोकळ्यांवरून छापलेल्या चित्राच्या) दोन वेगवेगळ्या प्रतींचे फोटो तुम्ही शेजारीशेजारी लावून पाठवलेत. ठोकळे तेच, टोकदार सूचिपर्णी झाडं तीच, पण रंग बदलले की आख्खी वेळच बदलते. किर्शनर प्रिंट स्वतःच्या हाताने काढायचा, छापखान्यावर सोपवत नसे. प्रती मोजक्याच, आणि दर वेळी शाई नव्याने ठरवायची. आम्हाला कॉलेजात एडिशनमधली, म्हणजे एकाच चित्राच्या छापील संचातली, प्रत्येक प्रत सारखी यायला हवी म्हणून दटावतात! शाई लावणं हेच त्याच्यासाठी पुन्हा चित्र काढणं होतं, हे माझं म्हणणं त्या दोन फोटोंमुळेच उभं राहिलं.

लुई द मार्साल या फ्रेंच समीक्षकाचा किर्शनरच्या मुद्राचित्रांवरचा लेख तुम्ही वाचून दाखवत होतात, तेव्हा आपण किती हसलो. स्वतःची तारीफ करायला किर्शनरने स्वतःच उभा केलेला काल्पनिक माणूस तो! पुढे 1933 च्या बर्नच्या प्रदर्शनात त्याला 'दिवंगत'ही करून टाकलं. तरी लेखातली कामाची समज पक्की आहे, हे तुमचं मत मी जसंच्या तसं उचललंय.

हर्मन शेररचं नावही मला तुमच्याकडूनच कळलं. मूळचा दगड घडवणारा हा बाझेलकडचा तरुण डावोसला किर्शनरकडे येऊन राहिला, लाकूड कोरू लागला. 1924 च्या सरत्या रात्री त्याने आल्बर्ट म्युलर आणि पाउल कामेनिशबरोबर 'रोट-ब्लाउ' म्हणजे 'लाल-निळा' गट काढला. 1926 मध्ये म्युलर गेला, 1927 मध्ये शेरर. डोंगरातल्या या कलेला स्विस वारस मिळाले आणि लगेच हरवले. परीक्षकांना हेच प्रकरण सगळ्यात आवडेल असं मार्गदर्शक म्हणतात. बघू.

प्रबंधाची एक प्रत पोस्टाने पाठवतेय. सोबत माझा एक वुडकट (काष्ठमुद्रा) आहे, तोही एडिशनमधून मुद्दाम वेगळ्या शाईत काढलेला. सरांना सांगू नका.

तुमची,
पुण्याची विद्यार्थिनी