सोमवारी माणसं येतील

ती. आण्णा आणि आई यांस,
सा. न.

आधी सांगून टाकते, मग रागवा. सोमवारी दोन माणसं घरावर वीज अटकाव यंत्र बसवायला येतील. पैसे देऊन झालेत. त्याच आठवड्यात गोठा लिंबापासून हलवून विहिरीकडे न्यायचाय, तेही ठरलंय. तुम्हाला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर "सुगी झाल्यावर बघू" म्हणाला असता. वळवाच्या विजा सुगीसाठी थांबत नाहीत.

आई, तुझ्या तुळशीला कुणी हात लावणार नाही. अर्थिंगचा खड्डा मागच्या भिंतीकडे घ्यायला सांगितलाय. त्यात कोळसा आणि मीठ घालतात, तेव्हा "माझं मीठ कुठं गेलं" म्हणून ओरडू नकोस, ते स्वतःचं आणणार आहेत. छपरावरून तांब्याची पट्टी खाली येईल. तिला दोरी बांधून धुणं वाळत घालायचं नाही. हे यंत्र वीज थांबवत नाही. पडलीच तर घराबाहेरून जमिनीत उतरायला वाट करून देतं. म्हणजे ते बसलं तरी शेतात तुम्ही आहात तसेच उघडे आहात.

आण्णा, लिंबाखाली वीज पडून गेलेल्या आपल्या सोन्या बैलाचं बोलायचंय. आपण कुणी बोलतच नाही. गेल्या वर्षीपासून तुम्ही म्हणता, "मी पायाळू, माझ्यावरची त्याच्यावर गेली." मोठी काकूही तेच बोलली, ते माझ्या मनातून जात नाही. आण्णा, आईच्या पोटातून पाय आधी आले की डोकं, हे ढगाला कळत नाही. ढगात गारा आणि बर्फाचे कण एकमेकांवर आदळून खालच्या अंगाला ऋण भार साठतो. तो जमिनीकडे झेपावतो, तेव्हा उंच वस्तूतून त्याला भेटायला ठिणगी वर उठते. शेतातल्या आखाड्यावर सगळ्यात उंच काय, तर लिंब. शेंड्यापासून मुळापर्यंत साल सोललेला तो पट्टा तुम्ही मला दाखवलात ना? आतला ओलावा क्षणात वाफ होऊन साल उडते. मग वीज मुळाभोवतीच्या मातीत पसरते. बैलाचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात, त्या अंतरात विजेच्या दाबाचा फरक पडतो आणि वीज अंगातून जाते. झाडाला न टेकताही. सोन्या सावलीत बांधलेला होता, एवढंच. त्या झाडाखाली आजोबांनीही बैल बांधले.

लहानपणी वीज चमकली की तुम्ही मला गोधडीत घेऊन मोजायचात. एक, दोन, तीन... दहा झाले की म्हणायचात, "लांब आहे गं, झोप." मी झोपायची. आता कळतं, तीन सेकंदांना एक किलोमीटर. दहा म्हणजे फार तर साडेतीन. तेवढ्या अंतरावरून पुढची वीज आपल्या बांधावर सहज पडते. पण तेव्हा नाही कळलं ते बरंच झालं.

तर आता ऐका. गडगडाट ऐकू आला की काम टाकून पक्क्या घरात. पत्र्याचा आखाडा चालत नाही, झाड तर नाहीच. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास बाहेर पडायचं नाही, कडबा भिजला तर भिजू द्या. आई, तेव्हा नळाखाली भांडी नाही, आणि टीव्हीची पिन ढग दिसताच काढायची. उघड्यावर सापडलातच, तर पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका. कुणाला लागली तर हात लावायला भिऊ नका, अंगात वीज राहत नाही; 108 ला फोन करा, श्वास नसेल तर छाती दाबत राहा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं दामिनी अ‍ॅप आण्णांच्या फोनवर टाकलंय, ते जवळ वीज असली की इशारा देतं. कटकट वाटली तरी काढायचं नाही. मागच्या वेळी काढलंत.

मी मृगाला येणार होते, सुट्टी मिळाली नाही. त्याचं वाईट वाटतंय.

लिंब तोडायचा नाही, आण्णा. फक्त त्याच्याखालची बाज उचला. आणि माणसांना दोनदा चहा द्या, एकाला साखर चालत नाही.

तुमची,
बाळी