शेवटचं पान आजीला वाचून दाखवू नका

मिलान, १८ ऑगस्ट

ती. आजी, आई आणि बाबांस,
मनूचा सा. न. वि. वि.

आजीला फोनवर ऐकू येत नाही आणि व्हिडिओ कॉलवर ती कोपऱ्यातल्या स्वतःच्याच चौकटीकडे बघत बसते, म्हणून हे पत्र. बाबांनी मोठ्याने वाचायचं. शेवटचं पान मात्र आधी तुम्ही दोघांनीच वाचा.

मी बरी आहे. खोकला गेला. वजन उतरलेलं नाही, त्या फोटोत उजेडच तसा पडला होता. आई, डबा मी रोज नेते, त्यावर पुन्हा चर्चा नको.

आता तुमचा प्रश्न. तीन वेळा विचारून झालाय, म्हणून एकदाच नीट सांगते. सुट्टी होती तर घरी का नाही आलीस? आधी ही सुट्टी काय भानगड आहे ते ऐका. तिला फेरागोस्तो म्हणतात. ऑगस्टात अख्खं शहर कुलूप लावून निघून जातं. आमच्या गल्लीतला बेकरीवाला, न्हावी, चावीवाला, दातांचा डॉक्टर, सगळ्यांच्या दारावर एकच चिठ्ठी, ‘सुट्टीनिमित्त बंद’, आणि खाली परत यायची तारीख. औषधांची दुकानं आपसांत पाळ्या लावतात आणि आज कुठलं उघडं आहे ते बंद दुकानाच्या दारावर डकवून ठेवतात. आपल्याकडे दुकान दोन दिवस बंद दिसलं की ‘कोण गेलं हो?’ म्हणून विचारतात. इथे ऑगस्टात उघडं दिसलं तर लोक हळहळतात, बिचाऱ्याची काहीतरी अडचण असणार. ही प्रथा ऑगस्टस बादशहाने इ. स. पू. १८ मध्ये घालून दिली, हंगामाची कामं उरकल्यावर विश्रांती म्हणून. पुढे चर्चने १५ ऑगस्टला मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण धरला. म्हणजे आपल्या झेंडावंदनाच्या दिवशीच यांची सगळ्यात मोठी सुट्टी. ऑफिस तर दोन आठवडे बंदच ठेवतात, रजा आपल्या खात्यातून कापतात आणि हवी का म्हणून विचारतही नाहीत. कोपऱ्यावरचा बांगलादेशी किराणावाला तेवढा उघडा होता, त्यामुळे कोथिंबीर-मिरची मिळत होती. उपाशी नव्हते.

माझं इथे राहण्याचं परमिट नूतनीकरणाला गेलंय. हातात नुसती पावती आहे. म्हणून आले नाही.

रिकाम्या शहरात बसून काय करायचं, म्हणून तीन दिवस डोंगरात जाऊन आले. एकटी नव्हते. खोलीवरची कोट्टायमची मैत्रीण बरोबर होती. ती नर्स आहे आणि नऊला झोपते, तेव्हा काळजीचं कारण नाही. नोव्हाऱ्याला गाडी बदलून ओर्ता नावाच्या तळ्यावर गेलो. आपल्या वेण्णा लेकपेक्षा पुष्कळ मोठं, भोवती झाडीचे डोंगर, आणि काठच्या एका टेकडीवर तीर्थक्षेत्र. आजी, हे खास तुझ्यासाठी.

पूर्वी यांना जेरुसलेमची यात्रा परवडायची नाही, वाटेत जिवाचंही भय असायचं. तेव्हा इथल्या साधूंनी डोंगरावरच देवळं बांधून जेरुसलेम घरी आणलं. अशा नऊ टेकड्या आहेत, २००३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. काशीला जाता येत नाही त्यांच्यासाठी आपली वाई दक्षिण काशी, तसंच हे. मैत्रिणीला मी हे समजावत होते, पण तिला घाटावरचा ढोल्या गणपती कसा सांगायचा? नुसते हात पसरून दाखवले. ओर्ताच्या टेकडीवर जेरुसलेम नाही, असिसीच्या संत फ्रान्सिसचं चरित्र आहे. वीस देवळ्या, १५९० पासून बांधत आणलेल्या, मधून पायवाट, बीच आणि पाइनची सावली. आत जाता येत नाही. जाळीला डोळा लावून बघायचं. आत माणसाएवढ्या मातीच्या रंगवलेल्या मूर्ती, गर्दीच्या गर्दी, कुत्रीसुद्धा. सातारच्या गणपतींचे देखावे आठवले, फक्त हे चारशे वर्षं उतरवलेले नाहीत.

एका देवळीत फ्रान्सिस अंगावरचे कपडे काढून बापाला परत देतोय. बाप कापडाचा व्यापारी, मुलगा धंदा सोडून चाललेला. सगळे फ्रान्सिसकडे बघतात. मी जाळीतून बापाकडेच बघत राहिले. मैत्रीण दोन देवळ्या पुढे जाऊन हाका मारत होती.

तळ्याच्या मधोमध एक बेट आहे, होडीने पाच मिनिटं. सान जुलिओ. हा साधू आपलं पांघरूण पाण्यावर पसरून त्यावरून पलीकडे गेला आणि बेटावरचे साप-अजगर त्याने हाकलले, असं म्हणतात. हे आजीला लगेच पटेल. आता तिथे बेनेडिक्टाइन जोगिणी राहतात, बाहेर येत नाहीत, जुनी वस्त्रं दुरुस्त करतात. बेटाला एकच वाट, फिरून पुन्हा तिथेच येते, आणि जागोजागी गप्प राहायच्या पाट्या. आई, मी पूर्ण फेरी गप्प होते. हसू नका.

बाबा, हे तुमच्यासाठी. हे निळंशार पाणी एके काळी मेलेलं होतं. १९२६ मध्ये रेयॉनचा कारखाना आला, तांबं आणि अमोनियाचं सांडपाणी सोडलं, मासे संपले, पाणी आम्ल झालं. मग १९८९-९० मध्ये होड्यांतून हजारो टन चुनखडीची पूड तळ्यात टाकली. तुम्ही जन्मभर उसाच्या रसाला चुना दिलात, यांनी तळ्याला दिला. आता पोरं त्यात डुंबतात. कृष्णामाईचं कोण बघणार, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणते.

दुसरीकडच्या मोठ्या तळ्यात, माज्जोरेत, बागांची बेटं आहेत. पांढरे मोर वगैरे. फोटो पाठवलेत, ते बघा. फक्त एक झाड सांगते. काश्मीरचा सायप्रस, १८६२ मध्ये बी आणून रुजवलेला. २००६ च्या वादळात मुळासकट आडवा झाला. दुसरं कोणी तोडून नेला असता. यांनी क्रेनने उभा केला आणि चहूबाजूंनी पोलादी दोर ताणून बांधला. अजून तसाच उभा आहे, निळसर पालवी खाली लोंबतेय. आपल्याकडचं झाड म्हणून मी हात लावायला गेले, तर दोरी आडवी होती.

जेवायला मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा मिळाला, पोलेंटा. अगदी आपल्या उकडीसारखा, फक्त फोडणी नाही. आजी, नमस्कार केला हो. कुठल्या देवाला ते विचारू नकोस.

(इथे थांबा, बाबा.)

हप्ता ५ तारखेलाच गेलाय. वर तीस हजार जास्त पाठवलेत, ते कर्जात भरू नका, गच्चीची गळती काढा. आजीच्या पलंगाखाली बादली ठेवता हे मला दादाने सांगितलं, तुम्ही नाही. अजून चौदा हप्ते आहेत. ऑगस्टातल्या तिकिटाला त्यातले दोन गेले असते.

पावतीवर येता येत होतं. मध्ये युरोपात कुठे विमान बदलायचं नाही, एवढीच अट असते. ते मला जूनमध्येच कळलं होतं.

कराडच्या स्थळाचं. फोटो पाहिला, पत्रिकाही पाहिली. मुलगा वाईट नाही. पण मी आले असते तर त्याच आठवड्यात ती मंडळी पोहे खायला आली असती, आणि तुमच्या तोंडाकडे बघून मला नाही म्हणता आलं नसतं. हो सुद्धा म्हणता आलं नसतं. दिवाळीपर्यंत थांबायला सांगा. नाही थांबले तर त्यांचंही चुकत नाही. दुसरं कोणी आहे का, असं आई विचारेल. नाही. खरंच नाही.

गणपतीला मी नसेन हे आजीला आधीच सांगून ठेवा, ऐनवेळी नको. का नाही असं विचारलं तर परमिटचंच सांगा.

तुमची,
मनू