दहाव्या दिवसानंतरची पाठ

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, स. न. वि. वि.

माणदेशातल्या एका गावात माझी पिठाची गिरणी आहे. पंचवीस वर्षं डबे आणि पोती उचलून मणक्यातली गादी सरकली, उजव्या पायाची नस दबली. पायाचा अंगठा वर उचलेना. चप्पल निसटून मागे राहिली तरी कळायचं नाही. गेल्या वर्षी जिल्ह्याच्या ठिकाणी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन झालं. खिशातून एक रुपया गेला नाही. हे आधी लिहितो, कारण पुढे गाऱ्हाणं आहे.

योजनेत डिस्चार्जनंतर दहा दिवसांपर्यंतची तपासणी आणि औषधं मोफत. पण मणक्याच्या ऑपरेशननंतरचे नेमाचे व्यायाम साधारण चौथ्या ते सहाव्या आठवड्यात सुरू करतात. म्हणजे खरी गरज लागते तेव्हा योजना कधीच घरी गेलेली असते. २०१२ मध्ये ही योजना सुरू झाली, पुढे तिचं नाव बदललं, उपचाराच्या खर्चाची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर गेली. दहा दिवस मात्र दहाच राहिले.

मला निघताना चित्रांचा एक झेरॉक्स कागद दिला. तो बघून मी महिनाभर कंबर वाकडी करत राहिलो. शेवटी दोन तास एसटीने जाऊन एका फिजिओ मॅडमना गाठलं. त्याआधी एकाकडे गेलो होतो, तो करंटचं मशीन लावून मोबाईल बघत बसायचा. या मॅडमनी आधी हात लावला. टाक्यांच्या वणाजवळची कातडी दोन बोटांनी हलवून म्हणाल्या, "काका, हे आत चिकटलंय." मग ती कशी सोडवायची ते माझाच अंगठा धरून शिकवलं. पोटावर हात ठेवून खालचा स्नायू कुठे आवळायचा ते दाखवलं, कुशीवर वळून, हातावर भार देऊन कॉटवरून उठवलं. सगळं त्या हातांनीच झालं असं मी म्हणत नाही. रोज घरी व्यायाम मीच केला, पण चुकतोय कुठे ते कागद सांगत नाही.

एका खेपेला तीनशे रुपये, वर तिकीट, वर दिवसभर गिरणी बंद. खड्ड्यांतून दोन तास गेलेली पाठ परत येताना पुन्हा तशीच आखडायची, ते वेगळंच. आठ खेपांनंतर मी जाणं सोडलं.

न परवडणारे कुठे जातात, तेही सांगतो. कोणी मालिशवाल्याकडे जातो. आमच्याकडे उसण भरली की पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसाची लाथ मारून घेतात. ऑपरेशन झालेल्या पाठीवर ती बसली तर काय होईल, हे तुमच्या खात्यातल्या डॉक्टरांना विचारा.

मागणी छोटी आहे. ऑपरेशनच्या पॅकेजमध्येच चौथ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंतच्या आठ-दहा फिजिओच्या खेपा धरा आणि त्या रुग्णाच्या तालुक्यात मिळू द्या. ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक ठरलेला वार, बाजाराच्या दिवशी असला तर उत्तमच. त्या दिवशी गावोगावची माणसं तशीही येतात. माणसं कुठून आणायची, असं खातं म्हणेल. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या फिजिओथेरपी कॉलेजांतून दरवर्षी मुलंमुली बाहेर पडतात, इंटर्नशिप करतात. वैद्यकीय शिक्षणाचं खातं वेगळं आहे हे मला ठाऊक आहे, पण मंत्रालयाची इमारत एकच आहे ना? आणि त्या खेपांचं बिल मशीन लावल्याचं निघू नये, रुग्णाला हात लावून तपासल्याची आणि व्यायाम करून घेतल्याची नोंद त्यावर असावी.

आमच्या गल्लीतल्या एका वहिनींचं हेच ऑपरेशन नुकतंच झालंय. त्यांचा दहावा दिवस येत्या शुक्रवारी. घरच्यांनी पायाळू माणूस शोधून ठेवलाय की काय, ते विचारायला आज संध्याकाळी जाणार आहे.

आपला,
एक गिरणीवाला