आई, मी उगाच पुढे पुढे करत नाहीये

आई, बाबा,

नमस्कार. मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतंय, थंडीचे कपडे भरपूर आहेत, त्यामुळे आई तुझे नेहमीचे प्रश्न संपले असं समज. इथे जपानमधल्या कारखान्यातल्या शिफ्ट आणि ओव्हरटाइमचं तुम्हाला माहितीच आहे, ते परत नाही लिहीत.

परवा कॉल मधेच कट झाला आणि आईचं ते वाक्य तसंच राहिलं, "परक्या देशात उगाच पुढे पुढे करू नकोस." त्यावर बाबा लगेच मागून, "पण तुला लीडर कधी करणार ते विचार." तुम्ही दोघं आधी आपसात ठरवा ना!

आई, सकाळची मीटिंग चालवायचं काम मी मागून घेतलं नव्हतं गं. इथे तिला चोरेई म्हणतात, शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सगळे उभ्या उभ्या जमतात आणि ती चालवायची पाळी रोज एकेकाची. माझ्यानंतर त्या नवीन व्हिएतनामी पोराचा नंबर, त्याचं जपानी तर माझ्याहून कच्चं आहे, पण कुणी हसत नाही आणि कुणाला सुटकाही नाही. बिल्डिंगमध्येही तेच. कावळे कचऱ्याच्या पिशव्या फोडतात म्हणून त्यांच्यावर जाळी टाकायची, गाडी येऊन गेली की जाळी घडी करून झाडून घ्यायचं, ही पाळी फिरत फिरत सगळ्यांच्या दारी येते, शेजारच्या आजींच्यासुद्धा.

आता एक विचित्र प्रकार सांगते, नाहीतर व्हिडिओ कॉलवर बघून पोरीला वेड लागलं म्हणाल. इथे ट्रेनचा ड्रायव्हर पांढरे हातमोजे घालून केबिनमध्ये एकटाच असतो, सिग्नल आला की त्याच्याकडे बोट दाखवतो आणि मोठ्यांदा सिग्नल काय आहे ते बोलतो. ऐकायला कुणी नाही! मग घड्याळाकडे बोट, मग वेगाच्या काट्याकडे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं हा देवाला ओवाळतोय. याला शिसा कांको म्हणतात, रेल्वेतून ते कारखान्यांत आलं. आमच्याकडे फोर्कलिफ्टचा रस्ता ओलांडायच्या आधी थांबायचं, उजवीकडे बोट, "योशी", म्हणजे ठीक, डावीकडे बोट, "योशी", समोर, "योशी", आणि मगच पाऊल टाकायचं. रस्ता रिकामा दिसत असला तरी. मॅनेजर असला तरी. १९९४ साली इथल्या रेल्वे संशोधन संस्थेने साध्या बटणं दाबायच्या कामावर तपासलं होतं, बोट आणि आवाज दोन्ही वापरले तर शंभर वेळांमागे २.३८ चुका होत्या त्या ०.३८ वर आल्या. नुसतं बघून मन भटकतं, हात-तोंड कामाला लागलं की लक्ष परत येतं. आता मी घराचं कुलूप लावतानाही करते, हसू नका.

बाबा, हे तुमच्यासाठी. लाइनवर डोक्याच्या वर एक दोरी असते, काही ठिकाणी आता बटण आहे. काही खटकलं की कुणीही ओढायची, काल लागलेला हेल्परसुद्धा. दिवा लागतो, गाणं वाजतं, टीम लीडर पळत येतो, आणि ठरलेल्या खुणेपर्यंत प्रॉब्लेम सुटला नाही तर लाइन थांबते. टोयोटाची ही पद्धत मुळात कापड विणायच्या मागावरून आली, माहितीये? साकिची तोयोदांचा १९२४ चा माग धागा तुटला की आपोआप थांबायचा. तुम्ही तर आपल्या मागावर नुसत्या आवाजावरून ओळखायचात आणि मालकाला न विचारता बंद करायचात. गेल्या आठवड्यात एका पार्टचा बोल्ट मला तिरका वाटला, मी दोरी ओढली. बोल्ट नीटच निघाला, तरी लीडर आधी "थँक्यू" म्हणाला आणि मग बघायला वाकला. म्हणून प्रमोशनचं रोज विचारू नका. पद मिळेल तेव्हा मिळेल, त्याच्यासाठी काही अडलेलं नाहीये.

खरं सांगायचं तर घरी दोरी ओढायला आपला धाकटा बंड्याच असतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख त्यानेच घेतली, डॉक्टरांशी तोच बोलला, आणि मी इथून फक्त "काळजी घ्या" टाइप करतेय. त्याला ओरडू नका प्लीज, परीक्षेचा फॉर्म तो भरेल.

पैसे पाठवलेत, या वेळी थोडे कमी दिसतील कारण येन घसरलाय. त्यातून आधी ऑपरेशनचं बघा, फ्लॅटचा हप्ता मी इथूनच भरते, आणि बाबा, परत कुणाकडून उसने घेऊ नका, मला कळतं.

आणि ते पुण्याचं स्थळ. पत्रिका जुळली म्हणून आत्याने होकार कळवूनही टाकलाय असं बंड्या म्हणतो. आधी मला त्या मुलाशी बोलू दे, त्याचा नंबर पाठव. बोलायच्या आधी हॉल बघायला जाऊ नका. दिवाळीला सुट्टी मिळत नाहीये, एप्रिलच्या शेवटी मिळेल, तेव्हा ठरवू.

तुमची,
ताई (बंड्याच्या फोनवर वाचत असाल, तर बंड्या, चष्म्याचा नंबर काढायची तारीखही घेऊन ठेव)