तिकिटावरचे तास कसे मोजायचे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, अंतर भागिले विमानाचा वेग, असा हिशेब तिकिटाशी कधीच जुळत नाही. लंडन-न्यूयॉर्कचंच घ्या. अंतर साधारण ५,५४० किलोमीटर. वेग ताशी ९०० धरला तर सव्वासहा तासही होत नाहीत. तिकिटावर मात्र जाताना आठ तास आणि येताना सात.

आधी अंतराचं. सपाट नकाशावर पट्टी ठेवून ते मोजू नका. पृथ्वीच्या गोलावर एक दोरा दोन्ही शहरांवर अंगठ्याने दाबून ताणा. दोरा उत्तरेकडे झुकून आयर्लंड, न्यूफाउंडलंडच्या बाजूने जातो. सर्वांत जवळची वाट तीच, म्हणून पडद्यावर विमान वाकडं जाताना दिसलं तरी ते लांबून जात नसतं.

आता वेळेचं. तिकिटावरची वेळ विमान गेटवरून हलल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणं, रांग, वर चढणं, उतरताना वेग कमी करणं, यात अर्धा-पाऊण तास सहज जातो. आणि मोठा फरक पडतो वाऱ्याने. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला जोराचा वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. वारा ताशी १३० चा असेल तर समोरून घेताना जमिनीवरून मोजलेला वेग ७७० उरतो, पाठीशी असेल तर १,०३० होतो. हिवाळ्यात तो आणखी जोरात असतो.

सगळ्यात जास्त घोटाळा घड्याळाचा होतो. तिकिटावर दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात. लंडनहून सकाळी ११ ला निघून न्यूयॉर्कला दुपारी २ ला पोचायचं असेल तर प्रवास तीन तासांचा नाही. न्यूयॉर्क पाच तास मागे, म्हणून आठ. परतीला रात्री ८ ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ला पोचणार, तर बारातून पाच वजा, सात. पोचण्याच्या वेळेशेजारी छोटं ‘+१’ असेल तर तारीख पुढची. न्यायला येणाऱ्याला तीच कळवा. मार्चमध्ये अमेरिका घड्याळं दुसऱ्या रविवारी पुढे करते आणि ब्रिटन शेवटच्या, त्यामुळे मधल्या दिवसांत फरक चारच तास राहतो.

विमान बदलायचं असेल तर मधले दोन तास म्हणजे हातात दोन तास नव्हेत. पुढच्या विमानाचं गेट सुटण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी बंद होतं, आणि व्हीलचेअर घेणाऱ्यांना बहुधा शेवटी उतरवतात. तुमच्यासाठी तीन तासांखाली मी मान्यच करणार नाही. व्हीलचेअर किमान ४८ तास आधी सांगून ठेवायची. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर हवीत. वेगवेगळी तिकिटं असली तर पहिल्याला उशीर झाल्यावर दुसरं तिकीट बहुतेक वाया जातं, आणि सामानही स्वतः उचलून पुन्हा द्यावं लागू शकतं.

आई, गोळ्या हातातल्या पिशवीतच ठेव. तिथल्या घड्याळाप्रमाणे घेऊ नकोस. दोन गोळ्यांमधे किती तास जायला हवेत ते डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घे. बाबांचं मनगटी घड्याळ प्रवासभर घरच्याच वेळेवर राहू दे, म्हणजे तास मोजता येतील.

तुमची लेक